माळा किती मोठा असावा?

दिवाळीची साफसफाई आमच्या घरी माळ्यापासून सुरू होते. यंदा मात्र ती संगणकापासून सुरू झाली, आणि तिला कारण घडली आमची आई.

आईला आता ब्याऐंशी वर्षे झाली. १९६९च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला तेव्हा आमचे बिऱ्हाड सराफ बाजाराजवळच्या एका वाड्यात होते. त्या पुराची हकीकत आई सांगत होती आणि मी संगणकावर उतरवून घेत होतो. (पाणी कुठवर चढले याचे उत्तर नाशिककर आजही दुतोंड्या मारुतीच्या अंगावरच मोजून देतो, त्या वर्षी मोजायला मारुती दिसतच नव्हता.) पाऊण तास झाला आणि अक्षरे उमटेनाशी झाली. पडद्यावरचा बाण हलेना. यंत्राचा दिवा तेवढा डोळे मिचकावीत होता. वैतागून मी बटण दाबून धरले, आणि पाऊण तासाचा पूर एका क्षणात ओसरला. लिहिलेले मधूनमधून जपून ठेवावे ही अक्कल मला आहे; सवय नाही.

"आई, पुन्हा सांग ना."

"काय सांगत होते रे मी?" आईने विचारले.

वाचकहो, संगणक बिघडला याचे मला एवढे वाटले नाही.

संध्याकाळी नाशिकरोडहून भाचा आला. त्याने यंत्राची नाडी पाहिली. "मामा, रॅम ४ जीबी आहे आणि स्वॅप शून्य! ज्याने लिनक्स बसवून दिले त्याने ठेवलाच नाही." मग त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितले. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली, आणि स्वॅप म्हणजे त्या कोठीतलाच माळा. ओट्यावर गर्दी झाली की या घटकेला नको असलेली भांडी वर टाकायची, लागली की उतरवायची. माळाच नसेल तर गर्दी झाल्यावर यंत्र एक तर गुदमरते, नाही तर चालू कामांपैकी एखादे स्वतःच मारून टाकते.

शेजारचे अण्णा ऐकत होते. ते म्हणाले, "रॅमच्या दुप्पट ठेवा. नियमच आहे तो."

"रॅम सोन्याच्या भावाने मिळत होती तेव्हाचा नियम, अण्णा," भाचा म्हणाला. ते खरेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६०मध्ये चालू केलेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. १९६२मध्ये मँचेस्टरला 'ॲटलस' आला. त्याची आतली स्मृती १६ हजार शब्दांची, आणि जोडीला फिरत्या ढोलांवर ९६ हजार शब्द. ही माळ्याची युक्ती तिथलीच. ओट्याच्या सहापट माळा!

"मग आपणही मोठाच ठेवू. डिस्कवर जागा रिकामी आहे," मी म्हणालो.

भाच्याने हिशेब मांडला. ओट्यावरची वाटी उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर आमच्या जुन्या फिरत्या डिस्कवरून तीच वाटी आणायला दिवसाहून जास्त लागेल. म्हणजे दर वाटीमागे त्र्यंबकेश्वरला पायी जाऊन यायचे! नव्या एसएसडी पुष्कळ चपळ, पण ओट्याची सर त्यांनाही नाही. माळा वाढवला म्हणून ओटा वाढत नाही.

एवढा वेळ आई वाती वळत होती. ती म्हणाली, "माळा केवढा हवा ते भांडून कसं कळणार? पुराच्या दिवशी खाली काय काय होतं ते मोजा."

भाचा थक्कच झाला. त्याने माझ्या सवयीची सारी दालने एकदम उघडली (इंटरनेटची सव्वीस पाने, मला लाज वाटली) आणि आकडा पाहिला. भर गर्दीत साडेपाच जीबी. ओट्यावर चार मावतात, दीड वर जाणार. शिवाय मला यंत्राला रात्री गाढ झोपवायचे होते, म्हणजे आईला सकाळी काही आठवले की आदल्या रात्रीचे पान तसेच्या तसे पुढे यावे. त्या झोपेत ओट्यावरचे सारे माळ्यावर उतरते. ते चार आणि आधीचे दीड मिळून साडेपाच. सहा जीबी ठरले. वेगळा कप्पा न करता स्वॅपची फाइलच केली, म्हणजे पुढे लहानमोठी करता येईल. अण्णांचे आठही चुकीचे नव्हते, हे भाच्याने ते गेल्यावर कबूल केले. सव्वीस पाने उघडी ठेवायचीच असतील तर आणखी ४ जीबी रॅम घ्या, हेही बजावले.

पण आई पुरात शिरली होती. "धान्याची पोती वर नेली, अंथरुणं नेली. जागा आहे म्हणून तुझ्या आजोबांनी लाकडी पेटारासुद्धा चढवला. मग माणसांना बसायला जागा उरेना, आणि मिठाची बरणी म्हणून सापडेना..."

मी खुर्ची ओढली. गेल्या खेपेला तो पेटारा काकांनी चढवला होता. मी काही बोललो नाही. लिहून घेतले, आणि जपून ठेवण्याची कळ दाबली.