जागल, ओलित आणि उसाची ट्रॉली



उसाच्या टनाचा, उताऱ्याचा आणि पहिल्या हप्त्याचा हिशेब आपण पै-पैने ठेवतो. झोपेचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. ‘रात्रभर जागलो’ हे आपल्याकडे मर्दुमकीने सांगायचे वाक्य आहे. आम्हीही ते पुष्कळदा सांगितले. गेल्या हंगामापासून सांगवत नाही.

झाले ते असे. दोन रात्री रोही आणि डुकरांसाठी जागल, आणि तिसऱ्या रात्री लाइनची पाळी आली म्हणून उसाला ओलित. पहाटे तीनच्या सुमारास मोटार पाणी का टाकत नाही म्हणून विहिरीच्या काठावर गेलो. हातातली बॅटरी विझली आणि उभ्या जागी तोल गेला. पायाखाली शेवाळ नाही, दगड नाही, आणि घेतलेलीही नव्हती! कठडा होता म्हणून हा मजकूर लिहीत आहोत.

तोल का गेला, याचा शोध आम्ही पुढे घेतला. माणूस उभा राहतो तो तिघांच्या भरवशावर. एक डोळे, दुसरे पायाचे तळवे व सांधे, आणि तिसरा आतला कान. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्यांत पाणी असते. मान वळली की ते पाणी हलते, तशी खबर मेंदूला जाते आणि डोळे आपोआप उलट्या दिशेला वळतात. याची परीक्षा घरबसल्या घ्या. हा अंक डोळ्यांसमोर स्थिर धरून मान डावी-उजवीकडे हलवा, अक्षरे वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून अंक तितक्याच वेगाने हलवा, अक्षरे पुसट होतील. ही करामत आतल्या कानाची.

जागरणाने हे तिन्ही गडी एकदम काम सोडत नाहीत, पण त्यांचा मुकादम, म्हणजे मेंदू, पेंगतो. झोप न झालेला माणूस सरळ उभा राहिला तरी जास्त डुलतो, हे मोजून पाहिलेले आहे. एका वस्तूवरून दुसरीवर नजर टाकण्याचा वेग कमी होतो. कानाची तपासणी करताना डॉक्टर रोग्याला मुद्दाम आकडे मोजायला लावतात, कारण गुंगी आली की डोळ्यांची ती आपोआप होणारी हालचाल मंदावते. यात अंधाराची भर घाला. डोळ्यांची मदत संपली, उरलेले दोघे पेंगुळलेले, आणि आपण विहिरीच्या काठावर नाहीतर ओल्या धुऱ्यावर.

ऑस्ट्रेलियात १९९७ साली संशोधकांनी ताडून पाहिले. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके ढिले पडतात. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. दारू फुंकून पकडता येते, जागरणाला मात्र यंत्र नाही.

१ जुलै २०२३ ची रात्र आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले. टायर, डुलकी, दारू अशी कारणांची चर्चा पुष्कळ झाली, त्या वादात आम्ही पडत नाही. वेळ मात्र मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराची होती.

आता आपल्या दाराशी येऊ. मागे दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर हाकणारा ड्रायव्हर दिवसा भरती करतो, रात्री यार्डात नंबराला उभा राहतो, स्टेअरिंगवर डोके टेकतो आणि पुढचा हॉर्न वाजला की दचकून गाडी पुढे घेतो. रिकामा झाला की लगेच दुसरी खेप, कारण पैसा टनावर आहे. ताशी २० किलोमीटरने जाताना तीन सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे १७ मीटर, डोळे मिटून. आणि त्याला ‘आजच्या आज माझा फड उचल’ म्हणून फोनवर फोन कोण करतो? आपणच की! मॅनेजमेंटला बोल लावणे सोपे आहे, पण वाळत्या उसाची घाई आम्हीही केली आहे.

दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला. ज्यांना दिवसाची वीज मिळाली ते सुटले. ज्यांची पाळी अजून रात्रीची आहे त्यांनी जागलीच्या दुसऱ्या दिवशी ओलित धरू नये, धरलेच तर सोबतीला कोणी न्यावे, आणि विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांधावा.

कारखान्याकडे आमचे मागणे असे, की यार्डाबाहेर हॉर्न ऐकू येणार नाही अशा जागी ड्रायव्हरांसाठी शेड बांधावी, टोकन द्यावे आणि नंबर आला की माणूस पाठवून उठवावे. उठल्यावर तोंड धुवून चहा घेईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नये. काट्याच्या पावतीवर वेळ असतेच. एकच ड्रायव्हर दिवस-रात्र खेपा मारतो आहे असे दिसले, तर शेतकी खात्याने त्याला थांबवावे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. खर्चाचा प्रश्न निघेल, निघू द्या. पत्र्याची शेड, वीस बाजा, पाण्याचा एक रांजण. त्यासाठी टनामागे काही कपात करावी लागली तरी आमची ना नाही.