प्रशिक्षक बदलतो, किंमत खेळाडू मोजतो

संघ हरला की पहिली कुऱ्हाड प्रशिक्षकावर पडते. पण प्रशिक्षक बदलला की संघ जिंकतोच काय? 2007 च्या विश्वचषकात भारतीय क्रिकेट संघ पहिल्याच फेरीत गारद झाला आणि ग्रेग चॅपेल गेले. 2008 मध्ये गॅरी कर्स्टन आले. 2011 मध्ये तेंडुलकर, सेहवाग, युवराज, झहीर हेच खेळाडू विश्वविजेते ठरले. हे नुसत्या बदलाने घडले नाही. कर्णधारही बदलला होता आणि नव्या प्रशिक्षकाला सलग तीन वर्षे मिळाली होती.

आमच्या पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयीन संघांना ही तीन वर्षे कोण देणार? बास्केटबॉलचेच पाहा. मैदानावर पाच खेळाडू. कोणी कुठे धावायचे, चेंडू कोणाकडे द्यायचा, बचाव कसा करायचा, हे पाचही जणांच्या अंगवळणी पडायला महिने लागतात. पदवी संपली की मुले निघून जातात. टिकून राहणारा माणूस एकच, शारीरिक शिक्षण संचालक. तोच कंत्राटी असेल, दर जूनला नवा येणार असेल, तर संघ उभा राहणार कसा? शासनाने 2018 साली अनुदानित महाविद्यालयांत 3580 सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मंजुरी दिली. शारीरिक शिक्षण संचालकांची पदे मात्र 139. तीही अख्ख्या महाराष्ट्रासाठी!

शहरातील पैसेवाल्यांची मुले खासगी अकादमीत जातात. शेतमजुराच्या लेकराला महाविद्यालयाचे मैदान हीच अकादमी. शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण तिथवर नेणारा गुरुजीच नसेल, तर ते कोणाच्या पदरात पडणार?

इतिहासही हेच सांगतो. पळवणकर बाळू यांच्यासारख्या थोर गोलंदाजाला जातीपायी हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. नेतृत्वबदलाने यश येते, पण निवड गुणवत्तेवर झाली तरच.

म्हणूनच मागणी स्पष्ट आहे. रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, बिंदुनामावली पाळून भरा आणि एका पराभवासाठी प्रशिक्षकाचा बळी देऊ नका. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या महाविद्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारावा : मैदान आहे, मुले आहेत, मग शिकवणारा कुठे आहे?