फिनियस गेज : अर्धीच सांगितलेली कथा

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लोहमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला. सुमारे ६ किलो वजनाची पहार मुकादम फिनियस गेजच्या डाव्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली.

गेज वाचला, पण तो उद्धट व चंचल झाल्याचे डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये नोंदवले. मन मेंदूतूनच उपजते, याचा हा गाजलेला पुरावा ठरला.

कथा बहुधा इथेच थांबवली जाते. हाच गेज पुढे चिलीत अनेक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकत होता, हे मात्र राहून जाते. घोडे, वाटा, प्रवासी सांभाळणारे मन उद्ध्वस्त कसे म्हणावे? मेंदू मनाला घडवतो खरा. पण जखमी मेंदूही सरावाने सावरतो. गेजला केवळ त्याच्या जखमेपुरता उरवणे हा इतिहासकथनाचा अन्याय आहे.