वानखेडे कुणाच्या बाजूने?

2024 साली वानखेडे स्टेडियमने चार महिन्यांच्या आत तीन वेगळी रूपं दाखवली. 14 मार्चला मुंबईने विदर्भाला 169 धावांनी हरवून 42व्यांदा रणजी करंडक जिंकला. 1 एप्रिलला, अवघ्या अडीच आठवड्यांनी, मुंबई इंडियन्सचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या त्याच मैदानावर नाणेफेकीला आला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. 4 जुलैला टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन भारतीय संघ मरीन ड्राइव्हवरून मिरवत वानखेडेवर पोहोचला, तेव्हा तिथे हार्दिकच्याच नावाचा गजर चालला होता. मैदान तेच, शहर तेच. ओरडणाऱ्या गळ्यांपैकीही बरेचसे तेच असणार.

आपल्या संघावर प्रेम करणं म्हणजे नेमकं काय, याचा विचार करायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

आधी एप्रिलमधल्या रागाबद्दल. तो राग अगदीच निराधार होता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. रोहित शर्माच्या नेतृत्वाखाली मुंबई इंडियन्सने 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी आयपीएलची पाच विजेतेपदं मिळवली होती. डिसेंबर 2023 मध्ये फ्रँचायझीने एक निवेदन काढून कर्णधारपद हार्दिककडे दिलं. दोन हंगाम गुजरातचं नेतृत्व करून तो नुकताच परतला होता. बोरिवलीच्या मैदानांवर वाढलेल्या, लोकलमधून किट वाहत मोठ्या झालेल्या रोहितला असं बाजूला केलं, ही भावना मुंबईकरांच्या मनाला लागली. निर्णय का झाला, कसा झाला, हे चाहत्यांना पटेल अशा रीतीने कुणी समजावून सांगितलं नाही. पाठीराख्यांना गृहीत धरलं की ते चिडतात, आणि चिडण्याचा त्यांना हक्क आहे.

पण तो राग गेला कुणाकडे? ज्यांनी निर्णय घेतला ते बंद खोलीत होते. समोर दिसत होता तो खेळाडू, आणि सगळं त्याच्यावर कोसळलं. राजस्थान रॉयल्सविरुद्धच्या त्या सामन्यात मुंबईची अवस्था 4 बाद 20 झाली. ट्रेंट बोल्टने रोहितसह तिघांना पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं. डाव 125 पर्यंत गेला, त्यात सर्वाधिक 34 धावा होत्या हार्दिकच्या. ज्याची हुर्यो उडवली जात होती तोच त्या संध्याकाळी संघाची पडझड थांबवू पाहत होता. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या रोहितने हाताने खुणावून स्टँडला हे थांबवा असं सुचवलं. ज्याच्यासाठी म्हणून हा गोंधळ सुरू होता, त्यालाच तो नको होता.

इथे एक सरळ रेघ ओढायला हवी. संघाच्या मालकांना, निवड समितीला, संघटनेला जाब विचारणं हा निष्ठेचाच भाग आहे. आपल्या रंगाचा टी-शर्ट घालून खेळणाऱ्याला खेळ चालू असताना खच्ची करणं हा नाही. मुंबई त्या हंगामात 14 पैकी 10 सामने हरून तळाला गेली. त्याला हुर्यो कारणीभूत होती असं कुणी म्हणणार नाही, गोलंदाजीपासून लिलावापर्यंत कारणं बरीच होती. पण घरच्या मैदानाचा जो आधार संघाला मिळायला हवा, तो त्या वर्षी पाहुण्या संघांनाच जास्त मिळाला.

हे वानखेडेवर पहिल्यांदा घडलं असंही नाही. मार्च 2006 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतत असताना प्रेक्षकांतल्या एका गटाने त्याचीही हुर्यो उडवली होती. सचिनची! शारदाश्रम, शिवाजी पार्क, आचरेकर सर हे सारं ज्या शहराच्या बोलण्यात येता-जाता येतं, त्याच शहरात. पुढे नोव्हेंबर 2013 मध्ये त्याच मैदानावर सचिनने निरोप घेतला तेव्हा माणसं हमसून रडली. दोन्ही प्रसंगांत प्रेम होतं असा युक्तिवाद करता येईल. पण 2006 मध्ये त्याला आधाराची गरज होती आणि 2013 मध्ये नव्हती, हा फरक त्या युक्तिवादात बसत नाही.

मग हरतानाही टिकणारी निष्ठा कशी असते? त्यासाठी वानखेडेवरच्याच एका पराभवाकडे जायला हवं. मे 1991, रणजी करंडकाची अंतिम लढत, समोर कपिल देवचा हरयाणा. शेवटच्या दिवशी मुंबईला हव्या होत्या 355 धावा आणि 34 धावांत तीन गडी गेलेले. तिथून अठरा वर्षांच्या सचिनने 96 धावा ठोकल्या. विनोद कांबळीने साथ दिली. दिलीप वेंगसरकर एका टोकाला पाय रोवून उभे राहिले आणि नाबाद 139 पर्यंत पोहोचले. दुसऱ्या टोकाने गडी पडत गेले. वेंगसरकरांसाठी धावायला रनर आला. शेवटचा फलंदाज अ‍ॅबी कुरुविला. विजय तीन धावांवर आला आणि कुरुविला धावबाद झाला. मुंबई दोन धावांनी हरली. इतक्या शतकांचे, इतक्या विजयांचे धनी असलेले वेंगसरकर मैदानावरच रडले.

मुंबईने रणजी करंडक बेचाळीस वेळा जिंकला आहे. 1958-59 ते 1972-73 अशी सलग पंधरा वर्षं तो मुंबईबाहेर गेलाच नाही. या पंधरांपैकी एकेका अंतिम सामन्याची हकीकत सांगणारं माणूस आज शोधून काढावं लागेल. 1991 ची हार मात्र दादर-माटुंग्यातल्या एका पिढीला षटकागणिक पाठ आहे. तो पराभव मुंबईने कधी लपवला नाही, उलट मुलाबाळांना सांगितला. वेंगसरकर कसे उभे होते, सचिनने मधल्या षटकांत काय केलं, ती एक धाव कशी गेली. जिंकण्याची सवय लागलेल्या शहराने एक हार इतकी जवळ केली, कारण त्या दिवशी संघाने शेवटपर्यंत सोडलं नव्हतं आणि पाहणाऱ्यांनीही. मुंबईच्या क्रिकेटला ‘खडूस’ म्हणतात ते फक्त फलंदाजीच्या तंत्रापुरतं नसावं. तो खडूसपणा स्टँडमध्येही असायचा.

आता 2024 च्या रणजी हंगामाकडे पाहा. बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आलेल्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दोघांनीही शतकं काढली. शेवटच्या जोडीने 232 धावांची भागीदारी केली. उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध संघ अडचणीत असताना शार्दूल ठाकूरने 109 धावा केल्या. अंतिम सामन्यात विदर्भापुढे 538 धावांचं लक्ष्य असूनही कर्णधार अक्षय वाडकरने शतक झळकावलं, करुण नायर आणि हर्ष दुबे झुंजले आणि विदर्भाने 368 पर्यंत मजल मारली. शेवटचा गडी टिपला धवल कुलकर्णीने, तोही आपल्या अखेरच्या सामन्यात. याहून जास्त नाट्य कुठल्या मालिकेत असतं? तरीही यातले किती तपशील मुंबईकरांना सांगता येतील आणि त्याच महिन्यात सुरू झालेल्या आयपीएलचे किती, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

दोष प्रेक्षकांचाच आहे असं नाही. रणजीचे सामने कामाच्या दिवशी, सकाळी साडेनऊला सुरू होतात. बरेचसे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर होतात, तिथे पोहोचणं चर्चगेटला उतरून वानखेडे गाठण्याइतकं सोपं नाही. सामना आहे हेच कळत नाही. आणि सामान्य चाहत्याची निष्ठा आता संघापेक्षा माणसावर बसली आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत विराट कोहली रेल्वेविरुद्ध रणजी खेळायला उतरला तेव्हा हजारो लोक स्टेडियमबाहेर रांगेत होते. तो सहा धावांवर त्रिफळाचित झाला आणि स्टँड रिकामे होऊ लागले. दिल्लीने तो सामना डावाने जिंकला. दिल्लीचे म्हणून आलेले प्रेक्षक असते, तर त्यांनी तो विजय पाहिला असता.

आयपीएलनेही निष्ठेची घडण बदलली आहे. दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो, अर्धा संघ विखुरतो, कालचा आपला गोलंदाज आज समोरून धावत येतो. अशा व्यवस्थेत संघ म्हणजे काय उरतं? नाव, रंग, मैदान आणि पाठीराखे. यांतलं सगळ्यांत टिकाऊ पाठीराखेच, हे बंगळुरूने दाखवलं. 2009, 2011 आणि 2016 अशा तीन अंतिम सामन्यांत हार, 2017 मध्ये कोलकात्याविरुद्ध सर्वबाद 49, देशभर टिंगल. तरी चिन्नास्वामी स्टेडियम लाल रंगाने भरत राहिलं आणि ‘यंदा कप आपलाच’ हे कन्नडमधून म्हणणारे थकले नाहीत. 3 जून 2025 रोजी अठराव्या हंगामात तो कप आला, पंजाबवर सहा धावांनी मात करून.

दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जणांचा जीव गेला. अठरा वर्षं थांबलेल्या लोकांना आनंद साजरा करायला चोवीस तासांत बोलावलं गेलं आणि त्या गर्दीला सांभाळण्याची तयारी कुणीच पुरेशी केली नव्हती. निष्ठेबद्दल लिहिताना हा दिवस वगळता येत नाही. चाहत्यांच्या प्रेमावर जाहिराती विकल्या जातात, तिकिटांचे दर ठरतात, जर्सी खपतात. त्या प्रेमाची किमान परतफेड म्हणजे माणूस सामना किंवा सोहळा पाहून सुखरूप घरी जाणं. तेवढंही झालं नाही.

चाहत्यांनी आपला राग योग्य पत्त्यावर कसा पोहोचवावा, याचं एक उदाहरण लंडनमध्ये आहे. 2002 मध्ये विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या मालकांना संघ उचलून मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात नेण्याची परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा नवा क्लब काढला, ए.एफ.सी. विम्बल्डन. इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून त्यांनी सुरुवात केली, 2011 मध्ये व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळवला आणि 2020 मध्ये प्लाउ लेनवर, जुन्या घराच्या जवळच, आपलं मैदान उभं केलं. मालक गेले, मोठे खेळाडू गेले, पण क्लब राहिला, कारण तो चाहत्यांच्या मालकीचा झाला. मुंबईत असं काही होईल अशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे, आयपीएलची रचनाच त्याला जागा देत नाही. पण नाराज चाहता हुर्योपलीकडे काही करू शकतो, संघटित होऊ शकतो, मालकांपुढे उभा राहू शकतो, हे त्यातून दिसतं.

आणि वानखेडेवर खुद्द एप्रिल 2024 मध्येच दुसरं काहीतरी घडलं, ज्याची पुरेशी नोंद झाली नाही. 1 एप्रिलनंतर सहाच दिवसांनी दिल्ली कॅपिटल्सविरुद्धचा सामना होता. मुंबई इंडियन्स दर वर्षी एक सामना स्वयंसेवी संस्थांशी जोडलेल्या मुलांसाठी राखून ठेवते. त्या दिवशी सुमारे 18 हजार मुलं निळ्या टी-शर्टमध्ये स्टँडमध्ये बसली होती. त्यातली अनेक पहिल्यांदाच स्टेडियममध्ये आलेली. त्यांनी रोहितसाठी ओरडायचं की हार्दिकसाठी, असा हिशेब केला नाही. प्रत्येक चौकाराला आरडाओरडा, प्रत्येक मुंबईकर फलंदाजाचं स्वागत. रोमारियो शेफर्डने शेवटच्या षटकात 32 धावा काढल्या, मुंबई 234 वर पोहोचली आणि तीन पराभवांनंतर हंगामातला पहिला विजय मिळाला.

हार्दिकचं पुढे काय झालं ते सर्वांनी पाहिलं. 29 जूनला बार्बाडोसमध्ये शेवटच्या षटकात 16 धावा वाचवायच्या होत्या, चेंडू त्याच्या हातात होता. पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरचा झेल सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर पकडला आणि भारत सात धावांनी जिंकला. मग 4 जुलैचा गजर. पुढच्या हंगामात वानखेडेने त्याला कर्णधार म्हणून मान्य केलं. हे चांगलंच झालं. पण त्यात एक टोचणारी गोष्ट आहे: त्याला आपल्याच शहराचं प्रेम परत मिळवायला विश्वचषक जिंकून द्यावा लागला. ज्या खेळाडूच्या वाट्याला असं षटक येणार नाही, त्याचं काय? गेल्या काही वर्षांत मुंबईसाठी खेळून, दोन-चार हंगाम धडपडून बाहेर पडलेले कितीतरी तरुण आहेत. त्यांच्या वाट्याला आली ती फक्त समाजमाध्यमांवरची हेटाळणी.

त्यामुळे मागणी दोन्हीकडे करायला हवी. फ्रँचायझींनी मोठे निर्णय घेताना पाठीराख्यांशी बोलावं, कारणं सांगावीत, तिकिटांचा काही वाटा लोकलने येणाऱ्या माणसाला परवडेल असा ठेवावा. मुंबई क्रिकेट संघटनेने रणजीचे निदान बाद फेरीतले सामने वानखेडेवर भरवावेत, शाळा-महाविद्यालयांना आधी कळवावं, शनिवार-रविवार येईल अशा तऱ्हेने वेळापत्रकासाठी बीसीसीआयकडे आग्रह धरावा. आणि नॉर्थ स्टँडने, जो देशातल्या सगळ्यात बोलक्या स्टँडपैकी एक आहे, पुढच्या वेळी 4 बाद 20 असताना मैदानात येणाऱ्या आपल्या फलंदाजाचं नाव घ्यावं, मग त्याला कर्णधार कुणीही केलेलं असो.

रणजीचा नवा हंगाम सहसा ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो. मुंबई इंडियन्सचे निळे झेंडे तोवर कपाटात गेलेले असतात, पण मुंबईचा संघ तेव्हाही खेळतच असतो, आणि त्याला पाहायला बहुतेक वेळा तिकीटही लागत नाही.