'अन्डू' यायला १२ वर्षं, नवा अवतार साडेतीन वर्षांत गुंडाळला: लॅबव्ह्यूचं नेमकं चाललंय काय?

मोबाईलवर टाईप करताना चुकलं की आपण मागे जातो. पेंटमध्ये रेघ वाकडी गेली की कंट्रोल झेड. आता कल्पना करा, तुम्ही चार तास खपून एक प्रोग्राम बनवलाय, चुकून त्यातला एक भाग डिलीट झाला आणि मागे जायची सोयच नाही.

लॅबव्ह्यू वापरणाऱ्या इंजिनिअर्सनी असे दिवस काढलेत, तेही तब्बल १२ वर्षं. १९८६ साली हे सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि 'अन्डू' मिळालं ते १९९८ साली, पाचव्या व्हर्जनमध्ये. तोवर नियम एकच, आधी सेव्ह करा, मग हात लावा.

पण लॅबव्ह्यू म्हणजे काय?

इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या अनेकांनी हे नाव कॉलेजच्या लॅबमध्ये ऐकलं असेल. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स नावाची कंपनी आहे. तिथल्या जेफ कोडोस्की यांना लॅबव्ह्यूचे जनक म्हणतात. त्यांची कल्पना साधी होती. मशीनवर प्रयोग करणारा माणूस सर्किटचं चित्र काढण्यात तरबेज असतो, मग त्याला कोडच्या ओळी लिहायला कशाला लावायचं? प्रोग्रामही चित्र काढूनच होऊ द्या.

म्हणून इथे कोड लिहायचा नसतो, जोडायचा असतो. समजा भट्टीचं तापमान मोजायचंय. एक डबा सेन्सरकडून आकडा घेतो, दुसरा तो आकडा मर्यादेशी ताडून बघतो, तिसरा अलार्म वाजवतो. या डब्यांमध्ये माऊसने वायर ओढायच्या. दशांश चिन्हाचा आकडा वाहणारी वायर केशरी, पूर्णांकाची निळी, हो-नाहीची हिरवी, अक्षरांची गुलाबी. चुकीची जोडणी केली की वायर तुटलेली दिसते आणि प्रोग्राम चालूच होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. नेहमीच्या भाषांमध्ये कॉम्प्युटर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. इथे ज्या डब्याला लागणारा सगळा डेटा पोचला, तो डबा चालतो. दोन कामांचा एकमेकांशी संबंध नसेल तर ती एकाच वेळी सुरू राहतात, त्यासाठी वेगळी कसरत करावी लागत नाही. दहा सेन्सर एकत्र वाचणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. स्वित्झर्लंड-फ्रान्स सीमेवरच्या सर्नच्या महाकाय कण-प्रवेगकात कणांचा झोत आवरणारे शंभराहून अधिक कॉलिमेटर आहेत, त्यांच्या नियंत्रणात लॅबव्ह्यू वापरलं गेलं. आणि २००६ साली आलेल्या लेगोच्या माइंडस्टॉर्म्स एनएक्सटी रोबोटसोबत मुलांना मिळालेलं प्रोग्रामिंगही याच्याच पायावर उभं होतं.

मग दुखणं कुठे आहे?

दुखणं आहे फाईलमध्ये. पायथनचा प्रोग्राम म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडतो. लॅबव्ह्यूची फाईल बायनरी असते. ती वाचायला लॅबव्ह्यूच लागतं. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडत नाही, ती आठवणीने 'जुन्या व्हर्जनसाठी' म्हणून वेगळी सेव्ह करावी लागते.

टीममध्ये काम करताना हे फारच छळतं. कोणी काय बदललं हे गिटसारखी साधनं ओळीनुसार दाखवतात. चित्रात ओळीच नाहीत, तर दाखवणार काय? त्यात पूर्वी भर अशी होती की एका छोट्या भागाला हात लावला, की त्याला वापरणाऱ्या सगळ्या फाईली पुन्हा कंपाईल होऊन 'बदललेल्या' म्हणून सेव्ह करायला लागायच्या. बदल एक, फाईली पन्नास! २०१० च्या व्हर्जनमध्ये कंपाईल झालेला कोड मूळ चित्रापासून वेगळा ठेवायची सोय आली. जाहिरातीत मिरवण्यासारखं हे फीचर नव्हतं, पण रोजचा ताप कमी करणारं तेच होतं.

एनएक्सजीचं काय झालं?

हे सगळं मुळापासून सुधारायचं म्हणून कंपनीने २०१७ मध्ये लॅबव्ह्यू एनएक्सजी आणलं. नवा चेहरा, झूम करता येणारं चित्र आणि मुख्य म्हणजे एक्सएमएलवर आधारलेल्या, मजकुरासारख्या वाचता येणाऱ्या फाईली. कागदावर सगळं छान. पण जुन्या लॅबव्ह्यूमधल्या कित्येक गोष्टी सुरुवातीला त्यात नव्हत्या आणि जुना कोड त्यात न्यायचा तर रूपांतर करावं लागणार होतं. ज्याच्या कारखान्यातला टेस्ट बेंच दहा वर्षं बिनबोभाट चालतोय, तो हा उद्योग कशाला करेल?

नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने सांगून टाकलं की २०२१ नंतर एनएक्सजीची नवी व्हर्जन्स येणार नाहीत, जुनं लॅबव्ह्यूच पुढे चालेल. ज्यांनी विश्वास ठेवून आपलं काम एनएक्सजीवर नेलं होतं, त्यांची पंचाईत झाली.

त्यानंतरचा धक्का पैशांचा. २०२२ मध्ये कंपनी सबस्क्रिप्शनवर गेली, म्हणजे दरवर्षी पैसे भरा. तयार झालेला प्रोग्राम फुकटच्या रनटाईमवर चालत राहतो, पण त्यात दुरुस्ती करायची तर लायसन्स हवंच. पंधरा वर्षं चालणाऱ्या मशीनसाठी हा हिशोब अनेकांना पटला नाही. २०२३ मध्ये एमर्सनने ही कंपनी ८.२ अब्ज डॉलर्सना विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स परत आलं. घरी शिकणाऱ्यांसाठी मात्र २०२० पासून कम्युनिटी एडिशन फुकट आहे, फक्त त्यावर धंदा करता येत नाही.

आता एआयचा पेच

आजचे एआय असिस्टंट पायथनचा कोड फटाफट लिहून देतात, कारण पायथन म्हणजे मजकूर आणि असा मजकूर इंटरनेटवर ढिगाने पडलाय. लॅबव्ह्यूचं काम अडकलंय बायनरी फाईलींमध्ये, आणि त्यातलं बरंचसं कंपन्यांच्या बंद दाराआड. ज्या चित्रामुळे ही भाषा सोपी वाटली, तेच चित्र यंत्राला शिकवायला अवघड. कंपनीने २०२५ मध्ये नायजेल नावाचा स्वतःचा एआय मदतनीस लॅबव्ह्यूमध्ये आणला. २०१८ पासून पायथनचा कोड थेट चित्रात जोडायची सोयही आहे. त्यामुळे हिशोबाचा भाग पायथनमध्ये आणि मशीनशी बोलायचं काम लॅबव्ह्यूमध्ये, अशी वाटणी करता येते.

प्रश्न उरतो तो जुन्या चित्रांचा. एखाद्या प्लांटमध्ये २००५ साली काढलेल्या शेकडो वायरींचा गुंता आजही रोज पार्ट तपासत असेल, तो काढणारा इंजिनिअर निवृत्त झाला असेल, आणि नव्याने लागलेल्या पोराला फक्त पायथन येत असेल, तर त्या गुंत्यातली केशरी वायर कुठून कुठे जाते हे शोधायला त्याला आधी लॅबव्ह्यूच शिकावं लागणार.