कोरडे डोळे आणि तेलाचा थेंब

काही दिवसांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सुनेसोबत दवाखान्यात आल्या. डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या. सून संकोचून म्हणाली, “डॉक्टर, ओमेगा-३ने कोरडे डोळे बरे होतात असं वाचलं होतं. म्हणून कॅप्सूल टाचणीने फोडून थेंब घातला.” हेतू मायेचा होता, उपाय मात्र घातक.

वाचकहो, त्यांनी वाचलेले सर्वस्वी खोटे नव्हते. २००८ साली बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेतील संशोधकांनी कोरड्या डोळ्यांच्या उंदरांवर अल्फा-लिनोलेनिक या मेदाम्लाचे थेंब वापरून पाहिले. बुबुळावरील पारदर्शक पडद्याची इजा आणि दाह, दोन्ही कमी झाले. हेच मेदाम्ल आपल्या जवसात विपुल असते. परंतु ते थेंब प्रयोगशाळेत बेताच्या प्रमाणात सिद्ध केलेले होते. पोटात घेण्याची कॅप्सूल किंवा घाण्याचे तेल डोळ्यांसाठी निर्जंतुक केलेले नसते. त्याने जळजळ होते, जंतुसंसर्गही होऊ शकतो. एरंडेल, तूप, मध यांनाही हाच नियम लागू आहे.

मेदाचा आणि अश्रूंचा संबंध काय? पापण्यांच्या कडांतील सूक्ष्म ग्रंथी अश्रूंवर स्निग्ध पदार्थाचा पातळ थर पसरवतात. उतारवयात या ग्रंथी तुंबतात, थर विरळ होतो आणि अश्रू लवकर उडून जातात. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. कधी उलट पाणीच वाहते. ती चुरचुरणाऱ्या डोळ्याची प्रतिक्रिया असते.

मग कॅप्सूल पोटात घ्यावी का? २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ५३५ रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ व उरलेल्यांना ऑलिव्ह तेल दिले. दोन्ही गटांना बरे वाटले. त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. जवसाची चटणी आहारात अवश्य असावी, पण तिला डोळ्यांचे औषध समजू नये.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे आणि नंतर पापण्यांच्या कडा हलकेच पुसाव्यात. पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये. वाचताना किंवा दूरदर्शन पाहताना आठवणीने पापण्या मिटाव्यात. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत; स्निग्धांश असलेले थेंबही मिळतात. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील, तर परिरक्षकविरहित थेंब मागावेत. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी व वेष्टनावरील मुदत संपताच ती टाकून द्यावी. सर्दीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात. म्हणून तपासणीला येताना सर्व औषधे सोबत आणावीत. ती स्वतःहून मात्र बंद करू नयेत.

औषधांच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत. त्यांनी काचबिंदू व मोतीबिंदू ओढवू शकतो. तीव्र वेदना, वाढती लाली, उजेड असह्य होणे किंवा दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. डोळ्यांसोबत तोंडही कोरडे पडत असेल व सांधे दुखत असतील, तर तेही सांगावे.

आजींचे डोळे आठवड्याभरात निवळले. कॅप्सूलची बाटली आता सुनेने डोळ्यांच्या औषधांपासून वेगळी ठेवली आहे.