वॉर्डातला तापमापक कोणी वाचायचा?

इंजेक्शन टोचण्याआधी सिस्टर दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, तेव्हा कातडीला एकदम गारवा जाणवतो. बाटलीतले स्पिरिट काही थंड नसते. ते खोलीतल्या हवेइतकेच गरम असते. मात्र उडून जाताना त्याला उष्णता लागते आणि ती ते तुमच्या कातडीतून घेते. घामाचेही काम असेच चालते. एक ग्रॅम घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता म्हणून तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असेल, ती हीच.

आता थोडे गणित करू. पन्नास किलो वजनाचा माणूस नुसता स्वस्थ पडून राहिला, तरी त्याच्या शरीरात तासाला साठ-बासष्ट किलोकॅलरी उष्णता तयार होते. तिला बाहेर पडायला वाटच मिळाली नाही, तर अंगाचे तपमान तासाला सुमारे दीड अंशाने चढेल. भोवतालची हवा अंगापेक्षा गरम झाली की हवेला उष्णता देऊन टाकण्याचा मार्ग बंद होतो आणि घामाचा तेवढा उरतो. हवा दमट असेल तर तोही अडतो. अंगाचे तपमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, माणूस बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, की तो उष्माघात समजावा. अशा वेळी आधी अंग गार करायचे असते, बाकीचे उपचार नंतर.

परिचारिकांविषयी लिहायला बसून मी उष्णतेचा धडा का देतो आहे, असे तुम्हाला वाटेल. हवामान बदल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वितळणाऱ्या हिमनद्या आणि उपग्रहांची चित्रे येतात. २०२४ हे मोजमापे सुरू झाल्यापासूनचे सर्वात उष्ण वर्ष ठरले. कारखानदारी वाढण्यापूर्वीच्या काळाच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तपमान त्या वर्षी सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. पण सरासरीने कोणी आजारी पडत नाही. माणूस आजारी पडतो तो एखाद्या ठराविक दुपारी, ठराविक खोलीत. रुग्णालयातल्या त्या खोलीत डॉक्टर फेरीला येतात आणि पुढच्या वॉर्डात जातात. रात्रंदिवस पाळीपाळीने तिथे असते ती परिचारिका.

अहमदाबादचे उदाहरण घ्या. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे पुढे संशोधकांनी आकडे जुळवून दाखवले. आकडे जुळवावे लागले, कारण मृत्यूच्या दाखल्यावर ‘उष्णता’ हे कारण फार क्वचित लिहिले जाते. तिथे हृदयविकार असतो, मूत्रपिंडाचा विकार असतो, नाहीतर नुसता ताप असतो.

त्याच शहरातल्या शारदाबेन रुग्णालयातली गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. तिथे बाळंतिणींचा वॉर्ड सर्वात वरच्या मजल्यावर होता. दिवसभर तापलेली गच्ची रात्रीही खाली उष्णता सोडत राहते, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. नवजात बाळाला नीट घाम येत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून बाहेरची उष्णता त्याच्या अंगात चटकन शिरते. आणि तहान लागली हे ते सांगू शकत नाही. २०१० च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत उष्णतेच्या त्रासाने २४ नवजात बाळांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. आदल्या वर्षी याच महिन्यांत अशी ८ बाळे होती. त्यानंतर वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला. २०११ मध्ये हा आकडा ४ झाला. २०११ चा उन्हाळा तितका कडक नव्हता, हे खरे. पण तपमानाचा हिशेब वेगळा काढूनही खालच्या मजल्याचा फायदा दिसून आला. यासाठी नवे यंत्र लागले नाही की नवे औषध लागले नाही. खाटा जिना उतरून खाली आल्या.

हा अभ्यास डॉक्टरांनी आणि संशोधकांनी केला. पण रुग्णालयात बाळाच्या तापाचा तक्ता सामान्यतः कोण भरते? कपाळाला हात लावून ‘हे बाळ फार तापले आहे’ असे प्रथम कोण म्हणते? माझे मत असे की, जिला हे सर्वांआधी कळते तिला त्यावर काही करण्याचा अधिकारही असावा. वॉर्ड अमुक अंशांच्या वर गेला, तर कोणाची सही येण्याची वाट न पाहता रुग्ण हलवण्याचा, बर्फ मागवण्याचा, पंखे-कूलर लावून घेण्याचा अधिकार पाळीवरच्या मुख्य परिचारिकेला लेखी मिळावा. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा शहरव्यापी आराखडा केला आणि नंतर नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. त्या आराखड्यांत परिचारिकांना प्रशिक्षण देण्याचे बोलले जाते. निर्णय देण्याचे क्वचितच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातातला दिवा आठवतो. त्या दिव्याने तिच्या वहीवर अन्यायच केला, असे मला वाटते! क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर तिने सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडले आणि १८५८ साली त्यांच्या आकृत्या छापल्या. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले, हे त्यांत नजरेला दिसत होते. खिडक्या, हवा, सांडपाणी हे तिच्या लेखी शुश्रूषेचेच विषय होते.

तुमच्यातला एखादा चौकस म्हणेल, की परिचारिकांवर आधीच कामाचा डोंगर, त्यात ही आणखी भर कशाला? शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात २०२३ साली सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरी ५८ लाखांची तूट होती. म्हणून नव्या रजिस्टरांचा गठ्ठा त्यांच्या पुढ्यात टाकणे मला मुळीच मान्य नाही. उलट निरुपयोगी रकाने काढून त्या जागी हा एक घालावा. परिचारिकांना विचारले तर काम कमीही होते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात परिचारिकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये गरज नसताना हातमोजे न वापरण्याची मोहीम निघाली. वर्षभरात सुमारे २१ टन प्लॅस्टिक वाचले, आणि मोजे चढवण्या-उतरवण्याचा वेळही.

तेव्हा सुरुवात स्वस्तात करता येईल. प्रत्येक वॉर्डात साधा भिंतीवरचा तापमापक लावावा, जमल्यास आर्द्रता दाखवणारा. तो खिडकीजवळ किंवा पंख्याखाली नको. रुग्ण जिथे निजतो त्या खाटेच्या उंचीवर हवा, आणि गच्चीखालच्या वॉर्डात आधी. दुपारी तीन वाजता तो वाचावा आणि पहाटे तीन वाजताही, कारण रात्र गार झाली की नाही यावर दुसऱ्या दिवशीचे बरेच ठरते. शेजारी दोन आकडे लाल शाईने लिहून ठेवावेत: एकाला डॉक्टरांना कळवायचे, आणि दुसऱ्याला परिचारिकेने खाटा हलवायला सुरुवात करायची.